लवंगी मोरीपाशीच का अडते?

पायवाट (धागाकर्ती) · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसतं वाचत) काढली, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

चार महिन्यांपूर्वी मी तट्टू घेतलं. घोडी आहे, अकरा वर्षांची, तेरा हँड उंच, करड्या रंगाची, नाव लवंगी. नाव आधीच्या मालकांनी ठेवलंय आणि ते उगाच ठेवलेलं नाही. घर वस्तीबाहेर आहे. मागे कुरण, कुरणाला फाटक, फाटकातून मातीची वाट निघते, ती ओढ्यावरची मोरी ओलांडून टेकडीकडे जाते. लहानपणापासून डोक्यात एकच चित्र होतं: सकाळी उठायचं, खोगीर टाकायचं, टेकडीवर जाऊन उजाडताना बघायचं.

त्या चित्रात लीद नव्हती. रोज सकाळी लीद उचलणं, पाण्याचं टाकं घासणं, वैरण, खरारा, चारही खूर साफ करणं, यातच दीड तास जातो. मग रपेट पंचवीस मिनिटांची. आल्यावर पुन्हा घाम पुसणं, सामान पुसणं, कुरणाचं कुंपण बघणं. आणि त्या पंचवीस मिनिटांतली दहा आम्ही दोघी मोरीपाशी उभ्या असतो.

पहिले दोन-तीन महिने ही मोरी बिनतक्रार ओलांडायची. गेले तीन आठवडे तिथे आली की पाय रोवते. टाचा मारल्या, गोंजारलं, उतरून ओढलं. कधी दहा मिनिटांनी निघते, कधी नाहीच. निघालीच तर पलीकडे वाट सोडून कडेच्या गवतातून चालायला बघते. घराकडे वळवलं की मात्र ताडताड निघते. खायला दाणा अजिबात नाही, नुसतं कुरण. पाऊस चांगला झालाय, गवत छान आलंय, तीही छान गुटगुटीत झाली आहे. आधीचे मालक म्हणाले, "एक छडी ओढा, सुतासारखी सरळ होईल." मन होत नाही.

काय चुकतंय माझं?

अडेलतट्टू · सोमवार, रात्री ९.५२

मोरीपाशी अडते म्हणजे आंघोळ नको असेल.

रिकामी रिकीब · सोमवार, रात्री १०.०५

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! धाग्याला तुमच्या आयडीपेक्षा योग्य प्रतिसादक मिळणं शक्य नाही.

पायवाट, आधी मनापासून स्वागत. दीड तास काम आणि पंचवीस मिनिटं रपेट हे गणित अगदी बरोबर आहे, काही चुकत नाहीये. माझ्याकडे नऊ वर्षं तट्टू आहे आणि आजही जितका वेळ पाठीवर जातो त्याच्या चौपट वेळ पायाशी जातो.

मोरीचं म्हणाल तर माझं पहिलं तट्टू पाण्यावर पडलेल्या उजेडाला बुजायचं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या मागे आंधळा पट्टा असतो. मोरीसारखी अरुंद जागा, खाली चकाकतं पाणी आणि पायाखाली पोकळ आवाज, म्हणजे त्याच्या लेखी सापळाच. मान मोकळी सोडा, खाली वाकून हुंगू द्या. लगाम आवळून धरलात तर त्याला डोकं खाली नेऊन नीट बघताच येत नाही, मग ते आणखी घाबरतं.

खरारा · सोमवार, रात्री १०.३१

स्पष्ट बोलतो, राग नसावा. तट्टू हा घोड्याहून लबाड प्राणी. त्याला तुमची मांड कच्ची आहे हे तुम्ही रिकिबीत पाय घालायच्या आधी कळतं. चार महिन्यांत तिने हिशेब केला: मोरीपाशी थांबलं की बाई दहा मिनिटांनी कंटाळते आणि घरी नेते. घरी गवत. प्रत्येक वेळी तुम्ही मागे वळलात तेव्हा तिला बक्षीस दिलंत.

छडी मारा म्हणत नाही. पण एकदा मोरीपाशी गेलात की पलीकडे गेल्याशिवाय परतायचं नाही, भले तास लागो. हवं तर उतरून चालत न्या, पण न्या. न फिरवल्याने घोडा अडतो हे आपण शाळेत कोड्यात शिकलोय ना?

तिरपागडा · सोमवार, रात्री १०.४४

किंवा असंही असेल की तिला पाठीवर माणूस नको आहे? हा पर्याय कुणाच्या डोक्यात का येत नाही? हजारो वर्षं आपण या प्राण्याच्या पाठीवर बसतोय आणि अजून विचारतोय की तो का अडतो.

खरारा · सोमवार, रात्री १०.५०

आले. आता धागा दोनशेला जाणार.

ढगाळ · सोमवार, रात्री ११.०२

मला यातलं काही कळत नाही, पण विचारतो. तट्टू म्हणजे घोड्याचं पिल्लू ना? आणि तेरा हँड म्हणजे किती?

रिकामी रिकीब · सोमवार, रात्री ११.१०

पिल्लाला शिंगरू म्हणतात. तट्टू म्हणजे पूर्ण वाढलेला, पण ठेंगणा घोडा. स्पर्धांच्या नियमात नाल नसताना १४८ सेंटिमीटरपर्यंत तट्टू, त्यावर घोडा. एक हँड म्हणजे चार इंच, म्हणजे लवंगी साधारण १३२ सेंटिमीटर. उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत, मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत मोजतात. आणि १४.२ हँड असं लिहिलं तर ते चौदा हँड आणि दोन इंच असतं, दशांश नव्हे. यावरून मी एकदा व्यवहारात पार फसले आहे, पण ते पुन्हा कधी.

ढगाळ · सोमवार, रात्री ११.१४

पुन्हा कधी कशाला, आत्ताच सांगा.

पागेतली आजी · मंगळवार, पहाटे ५.२०

सगळे झोपल्यावर माझी उठायची वेळ होते, म्हणून उशीर. तीन तट्टं सांभाळते, त्यातलं एक सत्तावीस वर्षांचं आहे.

खराराभाऊ, तुमचं म्हणणं एरवी मान्य. पण मुलीनं लिहिलंय ते पुन्हा वाचा. पहिले तीन महिने ही घोडी मोरी ओलांडत होती. लबाडी असती तर पहिल्याच आठवड्यात केली असती, तट्टं नव्या माणसाची परीक्षा तेव्हाच घेतात. आधी नीट चालणारं जनावर अचानक अडायला लागलं की मी शिस्तीचा विचार शेवटी करते. आधी दुखण्याचा.

पायवाट, मला चार गोष्टी सांग. मोरीच्या पलीकडे जमीन कशी आहे? तिचे खूर शेवटचे कधी तासले? खोगीर तिच्याबरोबर आलं की तू वेगळं आणलंस? आणि तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना ती कान मागे पाडते का?

पायवाट · मंगळवार, सकाळी ८.१५

आजी, धन्यवाद. मोरीच्या पलीकडे खडी टाकलेली आहे, दोन-तीनशे पावलं, मग पुन्हा माती. खूर मी घेतल्यापासून एकदाच तासलेत, अडीच महिने झाले. नाल नाहीत. खोगीर तिचंच आहे. तंग आवळताना कान पाडते आणि पोट फुगवून धरते, पण हे पहिल्या दिवसापासून. दहा पावलं चालवून पुन्हा आवळावा लागतो, नाहीतर मी खोगिरासकट पोटाखाली जाईन. (एकदा गेले आहे.)

अडेलतट्टू · मंगळवार, सकाळी ८.४०

त्या कोनातून टेकडी कशी दिसते?

नालबंदाचा नातू · मंगळवार, सकाळी ९.०५

खडी! अहो, घोडं इथेच पेंड खातंय.

सगळे मोरी मोरी करताहेत. ती मोरीला घाबरत नाहीये, मोरीनंतर काय येणार ते तिला ठाऊक आहे. कडेच्या गवतातून चालते असं तुम्हीच लिहिलंय. ज्याच्या तळव्याला टोचतं तो काय करेल? अनवाणी खडीवरून चालून बघा.

आजोबा नाल मारायचे, मी फक्त खूर तासतो. घोड्याचा खूर महिन्याला आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी तासायलाच हवा. अडीच महिने म्हणजे पुढचा भाग लांब झालेला असणार, चालताना तिथे ताण येतो. पण नुसत्या लांब खुराने तट्टू असं अडत नाही. मला दुसरीच शंका येतेय आणि ती "गुटगुटीत" या शब्दामुळे येतेय.

आज एवढं करा. चारही खुरांवर तळहात ठेवा, एखादा इतरांपेक्षा गरम लागतो का. मग खुराच्या वरचा जो सांधा आहे त्याच्या मागे, दोन्ही अंगांना बोटं हलकी टेकवा. धडधाकट तट्टाची नाडी तिथे शोधावी लागते, मोठ्या मुश्किलीने लागते. ती ठणठण उडत असेल तर रपेट बंद. तिला गोल वळवून बघा, छोट्या वर्तुळात पाय चोरते का. मानेवरची आयाळीखालची कड दाबा, हलते की घट्ट झालीय ते सांगा.

खरारा · मंगळवार, सकाळी ९.३०

खडीचं माझ्याही लक्षात यायला हवं होतं. तास लागला तरी न्या असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. आधी पाय बघा.

तिरपागडा · मंगळवार, सकाळी ९.४१

म्हणजे ती बोलत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. मी काल हेच म्हणत होतो.

रिकामी रिकीब · मंगळवार, सकाळी ९.४८

नाही, काल तुम्ही दुसरंच म्हणत होता. :)

ढगाळ · मंगळवार, सकाळी १०.२०

दाणा न देता नुसत्या गवताने कुणी आजारी पडतं? घोड्याने गवत नाही खायचं तर काय खायचं?

गोठा ते पागा · मंगळवार, दुपारी १.१५

व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणून जरा लांबण लावतो. ढगाळ, प्रश्न अगदी योग्य आहे. पुस्तकं वाचून आलेल्या लोकांनाही हे पचत नाही.

तट्टांच्या बऱ्याच जाती उजाड, थंड, खडकाळ मुलखात घडल्या. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरचं शेटलंड तट्टू हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. वारा, दगड आणि जेमतेम गवत. तिथे तगलं ते जनावर मूठभर चाऱ्यावर चरबी साठवणारं. त्याला पावसानंतरच्या हिरव्यागार कुरणात चोवीस तास सोडलं तर ते दुष्काळ येणार आहे असं समजूनच खातं. दुष्काळ काही येत नाही.

कोवळ्या गवतात साखर आणि फ्रुक्टान (साखरेच्याच लांब साखळ्या) असतात. रक्तातली साखर वाढली की इन्सुलिन वाढतं, आणि काही तट्टांमध्ये ते नको इतकं वाढतं. याचा परिणाम कुठे दिसावा तर खुरात. खुराची बाहेरची भिंत आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे नाजूक पदर असतात, ते सैल पडतात, सुजतात. याला लॅमिनायटिस म्हणतात. बाहेरून सूज दिसत नाही, कारण खूर फुगू शकत नाही. सुजेला जागाच नाही, म्हणून दुखणं भयंकर. टोकाला गेलं तर आतलं हाड फिरतं किंवा खाली खचतं, आणि मग जनावर वाचवणं अवघड.

लवंगीला हेच आहे असं मी इथून म्हणणार नाही. पण कडक जमिनीवर अडणं, मऊवर चालणं, पावसानंतर वजन वाढणं, हे एकत्र आलं की डॉक्टर बोलवायला आठवडा थांबायचं नसतं. आज बोलवा. तोवर कुरणातून बाहेर काढा, मऊ अंथरुणावर ठेवा, चालवू नका.

आणि एक इशारा, हा फार महत्त्वाचा: घाबरून उपाशी ठेवू नका. लठ्ठ तट्टू अचानक उपाशी राहिलं तर साठलेली चरबी एकदम रक्तात उतरते आणि यकृत बसतं. हा आजार लॅमिनायटिसपेक्षाही लवकर जीव घेतो. वजनाच्या दीड टक्का कोरडी वैरण रोज पोटात गेलीच पाहिजे. ती तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून दिलं तर वैरणीतली बरीच साखर निघून जाते.

ढगाळ · मंगळवार, दुपारी १.३२

दंडवत. पण वजन मोजणार कसं? काट्यावर कशी चढेल? मोरी चढत नाही ती.

गोठा ते पागा · मंगळवार, दुपारी १.५०

शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी. सगळं सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत. अचूक नसतं, पण दर पंधरा दिवसांनी त्याच माणसाने मोजलं तर वाढतंय की उतरतंय ते नक्की कळतं.

अडेलतट्टू · मंगळवार, दुपारी २.०४

घेर गुणिले घेर केल्यावर माझं उत्तर फारच वाईट आलं. सूत्र फक्त तट्टांसाठीच आहे ना? (आयडी बघून उत्तर देऊ नये.)

पायवाट · मंगळवार, दुपारी ३.३०

पुढचे दोन्ही खूर गरम आहेत. मागचे नाहीत. नाडी मला आधी मागच्या पायात सापडेचना, वाटलं मला जमत नाही. पुढच्या पायावर बोट ठेवलं आणि लगेच लागली. टकटकत होती. मानेची कड हलत नाही. घेर १५५, लांबी १४०, म्हणजे २८३ किलो.

डॉक्टर संध्याकाळी येताहेत. तिला बाहेर काढून ओसरीशेजारच्या पडवीत ठेवलंय, भुसा अंथरलाय. खिंकाळून घर डोक्यावर घेतलंय तिने. तीन आठवडे मी तिला टाचा मारत होते.

पागेतली आजी · मंगळवार, दुपारी ३.४५

टाचा मारत होतीस आणि तरी छडी ओढली नाहीस. आता रडत बसू नकोस, भुसा जाड घाल. वीतभर. पायाखाली कडक लागता कामा नये.

नालबंदाचा नातू · मंगळवार, दुपारी ४.१०

डॉक्टरांनी पायांचा एक्सरे काढायचं म्हटलं तर काढा. तासणाऱ्याला हाड आत कुठे आहे ते कळल्याशिवाय नीट तासता येत नाही. नुसत्या अंदाजाने कानस चालवणारा असेल तर त्याला हात लावू देऊ नका.

रच्याकने (बाय द वे), या निमित्ताने कुणी "नाल मारा म्हणजे सगळं ठीक" असं लिहायच्या आधीच सांगतो, आत्ता खिळे ठोकणं म्हणजे दुखऱ्या दातावर हातोडी.

खरारा · मंगळवार, दुपारी ४.२२

कुणी लिहिलं नव्हतं.

नालबंदाचा नातू · मंगळवार, दुपारी ४.२५

तुम्ही लिहिणार होता.

खरारा · मंगळवार, दुपारी ४.२६

...हो.

वेशीवरचा · मंगळवार, रात्री ८.५०

बरीच वर्षं वाचतोय, आज लिहावंसं वाटलं. आमच्या तट्टाचा एक किस्सा, थोडा अवांतर आहे.

पहिल्या वर्षी शेजारी धावत आला, "अहो, तुमचं तट्टू मेलंय, कुरणात आडवं पडलंय." मी चपला न घालता पळत गेलो. तट्टू कुशीवर, डोळे मिटलेले, ओठ लोंबतोय. मी ओरडलो. त्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली, आणि पुन्हा मिटला. तोवर मला वाटायचं घोडे उभ्यानेच झोपतात. उभ्याने डुलकी काढतात, पायांचे सांधे अडकवून. पण गाढ झोपेला त्यांनाही आडवं पडावं लागतं, थोडाच वेळ का होईना. आणि आडवं पडायला त्यांना आसपास सुरक्षित वाटावं लागतं. शेजाऱ्याला आता मी सांगून ठेवलंय, आडवं दिसलं तर शेपटी हलते का बघ, मग ये.

रिकामी रिकीब · मंगळवार, रात्री ९.०५

हे प्रत्येकाचं होतं! पण एक भेद लक्षात ठेवायचा. शांत आडवं पडणं म्हणजे झोप. लोळणं, उठणं, पुन्हा लोळणं, मागे वळून पोटाकडे बघणं, पायाने जमीन उकरणं आणि लीद बंद, म्हणजे पोटशूळ. तिथे एक मिनिटही वाट बघायची नाही. घोड्याला उलटी करताच येत नाही, आत गेलेलं वरून परत येत नाही. म्हणून मी लीद मोजते. हसा, पण मोजते. दिवसाला आठ ते बारा वेळा असते. सकाळी पागेत नेहमीपेक्षा कमी दिसली की माझा चहा राहतो.

ढगाळ · मंगळवार, रात्री ९.१२

म्हणजे लीद उचलण्याचं काम खरं तर रिपोर्ट वाचण्याचं काम आहे.

पागेतली आजी · बुधवार, पहाटे ५.१५

ढगाळ, तू शिकणार.

खरारा करण्याचंही तेच. लोकांना वाटतं चकाकी आणण्यासाठी. हात फिरवताना कुठे गरम लागतं, कुठे कातडी थरथरते, कुठे गाठ आहे, हे कळतं. पाठीवर खोगीर बसतं तिथे एखादाच पांढरा केसांचा ठिपका उगवला असेल तर समजावं तिथे खोगीर कधीतरी दाबून बसलं होतं. माझ्या सत्तावीस वर्षांच्या म्हाताऱ्याचे दात संपत आलेत. चावून अर्धवट गवताचे बोळे टाकायला लागला तेव्हा कळलं. त्याला आता सगळं भिजवून लापशीसारखं द्यावं लागतं. तोबऱ्यात तोंड घालून डोळे मिटून खातो. त्याच्यावर गेली सहा वर्षं कुणी बसलेलं नाही, पण काम तेवढंच आहे.

तिरपागडा · बुधवार, सकाळी १०.००

हा प्रतिसाद आवडला. माझा मुद्दा विरोधासाठी नव्हता. एक विचारू का? पायवाट यांचं वजन आणि खोगिराचं वजन किती? २८३ किलोच्या जनावरावर किती ओझं चालतं याचा काही नियम आहे का, की ज्याची त्याची जाण?

गोठा ते पागा · बुधवार, सकाळी ११.२५

चांगला प्रश्न. सर्वसाधारण आडाखा असा की स्वार अधिक सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत. २००८ साली अमेरिकेत घोड्यांवर पंधरा, वीस, पंचवीस आणि तीस टक्के ओझं ठेवून तपासलं होतं, पंचवीसपासून पुढे थकव्याची आणि स्नायू दुखण्याची खूण स्पष्ट दिसली. पण गंमत अशी की तट्टू लठ्ठ असेल तर त्याच्या फुगलेल्या वजनाचे वीस टक्के धरायचे नाहीत. अंगावरची चरबी हेही त्याने वाहिलेलं ओझंच.

पायवाट · बुधवार, सकाळी ११.५०

माझं वजन ५१, खोगीर ७. बेरीज करा, मला करवत नाही.

अडेलतट्टू · बुधवार, सकाळी ११.५५

म्हणजे तिने आधी गवत सोडायचं आणि तुम्ही आधी खोगीर सोडायचं. मी माझं मत मांडणार नाही, कारण मी तट्टावर बसलो तर बातमी होईल.

पायवाट · तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी १२.३०

धागा वर आणतेय, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

लॅमिनायटिसच होतं. लवकर सापडलं असं डॉक्टर म्हणाले, एक्सरेत हाड फिरलेलं नाही. तासणाऱ्याने पुढचा लांब भाग थोडा थोडा करून, तीन फेऱ्यांत कमी केला. औषधं झाली. वैरण तोलून देते, तिन्ही वेळा भिजवून. भिजवलेल्या वैरणीचं पिवळं पाणी बघून धक्का बसला. इतकी साखर ही दिवसभर रवंथ न करताही चरत होती. (घोडा रवंथ करत नाही हेही मला आत्ताच कळलं.)

आता पुढचा प्रश्न. पडवीत एकटी वेडी झाली आहे. शेळी आणावी का सोबतीला?

पागेतली आजी · शनिवार, दुपारी १.०५

शेळी चालते, नाही असं नाही, पण शेळी कुंपण मानत नाही. आणि तिने फाटक उघडायला शिकवलं तर दोघी टेकडीवर. दुसरं तट्टू उत्तम. कळपातला प्राणी आहे, त्याच्या अंगावर खाजवायला दुसरा घोडाच लागतो.

वेशीवरचा · शनिवार, दुपारी १.२०

गाढव? माझं तट्टू गाढवाशिवाय जेवत नाही.

गोठा ते पागा · शनिवार, दुपारी २.००

गाढव छान सोबती, पण आधी त्याची लीद तपासून घ्या. गाढवाच्या फुप्फुसात एक जंत असतो, गाढवाला काही होत नाही, शेजारच्या घोड्याला मात्र महिनोन्‌महिने खोकला लागतो. शिवाय कुंपणाला कण्हेर नाही ना, तेही बघा. शोभेला लावलेली असते आणि थोडी पानंही जीव घ्यायला पुरतात. वाळलेली पानं तर आणखी फसवी, कारण वैरणीत मिसळली की ओळखू येत नाहीत.

पायवाट · शनिवार, दुपारी २.१५

कण्हेर आहे. पडवीच्या मागेच. आत्ता जाते.

पायवाट · शनिवार, संध्याकाळी ६.५०

मुळासकट काढली. गावातल्या कुणी विचारलं तर फुलं आवडत नाहीत म्हणून सांगितलं, कारण खरं कारण सांगितलं तर तासभर जातो. आधी वाटलं होतं की रपेटच बंद झाल्यावर दिवस रिकामा वाटेल. दिवस कुठे जातो तेच कळत नाही.

पायवाट · चार महिन्यांनी, रविवार, सकाळी ९.१०

शेवटचा अपडेट. घेर १४७, लांबी तीच, म्हणजे २५५ किलो. मानेची कड मऊ झाली. गाढव आलं, तपासून. नाव अजून ठेवलेलं नाही, कारण हाक मारली तरी येत नाही. पाठीवर हलकं खोगीर घेतलंय, सगळं मिळून ५४ किलो, वीस टक्क्यांच्या अजून जरा वरच. टेकडीपर्यंत न जाता खडी संपेपर्यंतच जाते. डॉक्टरांनी महिनाभर नुसतं चालवायला सांगितलं होतं, पाठीवर कुणी नाही, मी पुढे, ती मागे. मग दहा-दहा मिनिटं.

काल पुन्हा ओढा ओलांडला. खडीवरून अगदी आरामात गेली, मध्यातून, गवतात उतरली नाही.

पण मोरीपाशी थांबली. अजूनही थांबते! पाय दुखत नाहीत, खूर गार आहेत, नाडी शोधावी लागते. तरी थांबते. मान खाली घालते, ओढ्याच्या पाण्याकडे बघून दोनदा फुरफुरते, मग निघते.

रिकामी रिकीब · रविवार, सकाळी ९.१८

उजेड! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

नालबंदाचा नातू · रविवार, सकाळी ९.२५

तीन आठवडे दुखत असलेल्या जागेची आठवण आहे ती. जाईल हळूहळू.

खरारा · रविवार, सकाळी ९.२७

लबाडी.

अडेलतट्टू · रविवार, सकाळी ९.३०

आंघोळ.

ढगाळ · रविवार, सकाळी १०.४०

अवांतर: या धाग्यामुळे मी परवा एक तट्टू बघून आलो. विकणारा म्हणतो अगदी शांत आहे, कुठेही नेलं तरी हलत नाही. घेऊ का?

पागेतली आजी · रविवार, सकाळी १०.४४

हलत नाही म्हणजे? त्याला खडीवर चालवून दाखवायला सांग. आणि खूर मागितला की देतं का, हे घेण्याआधी स्वतः उचलून बघ.